मागच्या सीटवरचं दही

४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

आधी एकेकाची खुशाली विचारतो, मग मुद्द्याचं. विहीणबाईंची धाप कशी आहे? डॉक्टरांनी जिना बंद केलाय तो त्यांनी खरंच बंद केलाय, की तुम्ही बाहेर गेलात की गच्चीवरचे कपडे आणायला अजून त्याच जातात? जावईबापूंचा खोकला? पॉवरहाऊसमध्ये मफलर गळ्यात घालायचा असतो, खुर्चीच्या पाठीवर नव्हे, एवढं त्यांना सासऱ्याच्या नावाने सांगा. तुमचा डावा कान? तुमच्या मांजरीची शेपटी दारात सापडली होती, ती सरळ झाली का?

इकडे सगळं ठीक. लेक बाळंतपणातून चांगली सावरली. सौ. दिवसभर माझ्यावर चिडलेली असते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम. नातीचं नाव अजून ठरत नाही, म्हणून तोवर मी तिला मुकादम म्हणतो. पाळण्यात पडल्या पडल्या कपाळाला आठ्या घालून ती सगळ्यांची कामं बघते, स्वतः काही करत नाही.

आता मुद्दा. विहीणबाईंना प्रवास मना, म्हणून त्यांनी अजून नातीचं तोंड पाहिलेलं नाही. हे मला जेवताना आठवतं आणि घास फिरतो. तेव्हा मुकादम, तिची आई आणि सौ. यांना घेऊन मीच तुमच्याकडे घाट चढून येतो. आमच्या कासवातून.

तुम्ही लगेच म्हणाल, त्या गाडीत माणूस गोठतो. खरं आहे. कासवाचं इंजिन मागे, तेही वाऱ्यावर थंड होणारं. बाकीच्या गाड्यांत इंजिनभोवती पाणी खेळतं, त्याच गरम पाण्यावर आतला हीटर चालतो. हिला पाणी लागतच नाही. तहान नाही, तशी मायाही नाही. इंजिनाची सगळी ऊब मागच्या मागे रस्त्याला वाटत जाते आणि आत बसलेल्याच्या नाकाचा शेंडा लाल. हिचा मूळचा हीटर आधीच्या मालकाच्या काळातच गंजून गळून पडला.

पण मी आयुष्यभर लोकांचे स्टोव्ह दुरुस्त केले ते उगाच नाही. ऊब कुठून उचलायची आणि कुठे नेऊन सोडायची, एवढं मला कळतं. गाडीला हीटर मी स्वतः करतो. सोबत आकृती जोडली आहे. विहीणबाईंना दाखवा आणि खोली झाडून ठेवा म्हणावं.

आपला,
व्याही


१३ नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न.

पत्र मिळाले. आकृतीही मिळाली. ती मी सुलटी, उलटी आणि आडवी धरून पाहिली. चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला. मुलांनी काढलेल्या हत्तीला मी पुष्कळदा टेबल समजून मार्क दिले आहेत. पण आपल्या आकृतीत इंजिन कोणते आणि आपली सौ. कोणती, हे मला ठरवता आले नाही. बाण मात्र उत्तम आले आहेत.

खुशाली अशी: चिरंजीवांचा खोकला गेला, मफलर हरवला. माझ्या डाव्या कानाने आता उजव्याशी बरोबरी साधली आहे, म्हणजे दोन्ही सारखेच कमी ऐकतात. मांजरीची शेपटी वाकडीच राहिली. तिला त्याचे काही वाटत नाही. हिची, म्हणजे आपल्या विहीणबाईंची, धाप आहे तशीच आहे.

आपले पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवले. पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या गारठ्या डब्यात माझी नात बसणार नाही."

मी म्हटले, "ते हीटर करणार आहेत."

"ते मागे पंखा करणार होते. तो अजून छताला चिकटलाय का?"

मी आपली बाजू घेतली. म्हटले, आत थर्मामीटर ठेवतील, आकडा कळवतील. त्यावर म्हणाली, "थर्मामीटर त्यांचा, वाचणार ते, लिहिणारही तेच. मला आकडा नको. त्यांना म्हणावं, मागच्या सीटवर दुधाला विरजण लावून भांडं ठेवा. सकाळी निघून इथवर यायला दिवस मोडतो ना, तेवढा वेळ गाडी तिकडेच गारठ्यात फिरवा. दही लागलं तर पोरीला आणा. दूध दूधच राहिलं, तर उन्हाळ्यात भेटू."

तर अट ही अशी. बसच्या खिडक्या लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. भाड्याची गाडी करावी असे मी सुचवणार होतो.

एक गोष्ट. आणायचेच झाले, तर डिसेंबरच्या मध्याच्या आत आणावे असे मला वाटते. कारण काही नाही.

कळावे,
आपला व्याही


२४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

दही लागलं!

कसं ते क्रमाने सांगतो. भाड्याच्या गाडीचा विषय आधी मिटवतो. आमच्याकडे भाड्याची गाडी चालवणारा एकच. त्याचा एक हात खिडकीबाहेर आणि दुसरा केसांवर. घाटात स्टीअरिंग कोण धरतं, हे त्यालाच माहीत. माझी लेक मी त्याच्या हवाली करणार नाही.

तर कासवाच्या धुराची नळी चांगली तापते. तिच्याभोवती मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कोट शिवला. शिवला म्हणजे रिबिटा ठोकल्या. इंजिनाला गार करणारा जो मोठा पंखा आहे, त्याचा थोडा वारा या कोटात सोडला. वारा तापला की व्हॅक्युम क्लीनरच्या नळीतून मागच्या सीटखाली. व्हॅक्युम क्लीनर आमचाच. सौ.ला अजून पत्ता नाही, तिने झाडू घेतला तर ठीक.

काल सकाळी दुधाला विरजण लावलं, भांड्याला फडकं बांधलं, भांडं मागच्या सीटवर उशांच्या मध्ये बसवलं आणि गावाबाहेरच्या रस्त्याने फेऱ्या सुरू केल्या. काचा बंद. चौकातल्या पोलिसाने दुसऱ्या फेरीला थांबवलं. "आजोबा, मागे काय आहे?"

"दूध."

दुपारी परत थांबवलं. "अजून दूधच?"

"आता दही होत आलंय."

त्याने गाडीत डोकं घातलं, भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाकीची वाहतूक थांबवून मला आधी जाऊ दिलं. सरकारी माणसांत अजून समज आहे.

संध्याकाळी घरी येऊन फडकं सोडलं, तर असं घट्ट दही की चमचा उभा राहावा. मी तिथेच, गाडीच्या दारात बसून, वाटीभर खाल्लं. जरा डोकं जड झालं होतं, पण ते चष्म्यामुळे. नंबर वाढला असणार.

तेव्हा विहीणबाईंना सांगा, अट पुरी झाली. येत्या आठवड्यात निघतो.

आपला,
व्याही

ता. क. मास्तरांना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार. हे तिकीट आणायला पोस्टात गेलेत, तेवढ्यात मी लिहिते. दही लागलं हे खरं. पण त्याला धुराचा वास होता. मी चमचाभर तोंडात घातलं आणि मोरीत थुंकले. आमच्या मांजराला दिलं, तर ते भांड्याला वळसा घालून गेलं. यांना मात्र काहीच लागलं नाही. जन्मभर रॉकेलमध्ये नाक घातल्यावर त्या नाकाला काय कळणार? आणि डोकं चष्म्यामुळे दुखलं नाही. चष्मा दिवसभर घरात टेबलावर होता. व्हॅक्युम क्लीनरचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. — सौ.


२९ नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न.

आपले पत्र आज सकाळी आले. उत्तर आजच टाकतो आहे.

तो पत्र्याचा कोट आजच्या आज काढा. ती नळी तोडा. चिरंजीवाला मी सर्व सांगितले. तो यंत्रांतच वावरतो आणि सहसा चिडत नाही. तो चिडला. त्याचे म्हणणे असे: धुराच्या नळीला कुठेतरी फट आहे आणि तो धूर आपण पंखा लावून गाडीत भरत होता. वास येणारा धूर निदान सांगून येतो. त्याच्याबरोबर जो बिनवासाचा वायू येतो, तो माणसाला फक्त झोप आणतो. मोठ्या माणसाचे डोके जड होते. तान्ह्या मुलाचे काय होते, ते त्याने सांगितले नाही. उठून खिडकीपाशी गेला. मुलगी त्याची आहे.

आपल्या सौ.चा ता. क. सुद्धा मी हिला वाचून दाखवला. ही एवढेच म्हणाली, "त्या बाईंना म्हणावं, चमचा तोंडात घातलात, उपकार झाले."

पुढचा मजकूर मी वाचनालयात बसून लिहितो आहे, कारण घरी लिहिता येणार नाही. हिला तो कळवायचा नव्हता. वीस डिसेंबरला हिचे हृदयाचे ऑपरेशन आहे. एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, होईल नीट. डॉक्टर असे म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत, फाइलकडे बघतात. त्याआधी हिला नात एकदा मांडीवर घ्यायची आहे. हे मला तिने सांगितलेले नाही. पण कपाटातली जुनी मऊ लुगडी काढून तिने त्यांच्या चौघड्या शिवल्या आहेत आणि विचारले, की म्हणते, फडकी आहेत, पुसायला.

आपल्याला सांगू नये असे तिचे म्हणणे होते, कारण आपण घाई कराल. मी सांगतो आहे, ते याच्या नेमके उलट व्हावे म्हणून. नात भेटली नाही तर ही ते सोसेल. नात येताना वाटेत काही झाले तर ते सोसणार नाही. हे दोन्ही एका तागडीत घालू नका.

आपला,
व्याही


९ डिसेंबर

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

विहीणबाईंना बरं वाटत असेल अशी आशा करतो आणि तुम्ही लिहिलेलं मला माहीत नाही असं समजून पुढे लिहितो. तेव्हा हे पत्र खुशाल मोठ्याने वाचा.

कोट काढला. भंगारवाल्याला देऊन टाकला आणि वर त्याला बजावलं, याचा कोट म्हणून वापर करू नकोस. तो म्हणाला, "नाही करत, काका."

त्या संध्याकाळी लेकीने माझी परीक्षा घेतली. मला डोळे मिटायला लावले आणि नाकाशी एकेक वस्तू धरली. कांदा, फिनेल आणि तिच्या आईचं अत्तर. मी तिन्हीला "पाणी" म्हणालो. सौ. हसली, मग हसायची थांबली. मास्तर, लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन "तुमचा स्टोव्ह धुरतोय" असं नाक वर करून सांगणारा मी. ते नाक कधी उठून गेलं, मला पत्ताच नाही. घरातले सगळे मुकादमच्या टाळूला नाक लावतात आणि डोळे मिटतात. मीही लावतो आणि डोळे मिटतो. सगळे मिटतात म्हणून.

असो. आता दुसरा हीटर.

धुराच्या वाटेला जायचंच नाही, असं ठरवलं. गाडीत पाणी नाही, पण इंजिनात तेल आहे, आणि तेलही चांगलं तापतं. भंगारातल्या एका मोटारसायकलचा तेल थंड करायचा छोटा रेडिएटर मिळाला. तो मागच्या सीटच्या पायाशी, जाळीच्या पेटीत बसवला. इंजिनाचं तापलेलं तेल जाड रबरी नळीतून या रेडिएटरमध्ये येतं, आपली ऊब ठेवतं आणि परत इंजिनात जातं. पेटीत एक लहान पंखा. तो गाडीतलीच हवा गाडीतच फिरवतो. इंजिनाकडून एक फुंकरसुद्धा आत येत नाही. पूर्वीच्या हीटरची भोकं होती, त्यांवर पत्रा ठोकून वरून फटी बुजवायची लांबी भरली. पेटीखाली ताट ठेवलं आहे, तेल गळलं तर त्यात दिसेल. काच बोटभर उघडी राहील अशी खिडकीत लाकडी पाचर मारली आहे. तुम्ही म्हणण्याआधीच मारली, हे नोंदवून ठेवा.

चाचणीला सौ.ला बरोबर घेतलं. नाक म्हणून. ती दिवसभर मागच्या सीटवर दह्याच्या भांड्याशेजारी बसली आणि वळणावळणाला मी विचारत राहिलो, "काही येतोय?"

"तुमच्या मोज्यांचा येतोय."

"त्याशिवाय?"

"त्याशिवाय काही येऊच शकत नाही."

दही लागलं. पहिला चमचा तिने घेतला, दुसरा लेकीने, तिसरा मांजराने. मला विचारलंच नाही. तिघांचं एकमत झालं. मांजराने भांडंही चाटलं.

एक उणीव मोकळेपणाने सांगतो. ऊब मागेच राहते, पुढे पोचत नाही. मागे तिघी उन्हात बसल्यासारख्या आणि पुढे चालवणारा बर्फात. मी दोन मोजे चढवून पायाला वर्तमानपत्र गुंडाळतो. क्लच कुठे आहे ते पायाला कळत नाही, म्हणून बघून दाबतो. तिघींना वाटेत मी एखाद्या सरकारी पाहुण्यांचा ड्रायव्हर वाटेन. चालेल.

चौदा तारखेला उजाडल्यावर निघतो, अंधार पडायच्या आत पोचतो. घाईने नव्हे. घाट चढताना सौ.ने एकदा जरी "काहीतरी येतंय" म्हटलं, तरी गाडी तिथेच थांबवून काचा उघडेन आणि उलट फिरेन. हे मी तिला तोंडी आणि तुम्हाला लेखी देतो. भांडंही बरोबर आणतो आहे. वाटेत लावतो. विहीणबाईंनी पोचल्यावर स्वतः बघावं.

आपला,
व्याही


६ जानेवारी

व्याहीबुवांस नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर गादीवर बसून लिहिलंय म्हणून. मास्तर शेजारी बसून शुद्धलेखन बघायला निघाले होते, त्यांना बाजारात पाठवलं.

ऑपरेशन झालं. झडप बसली. रात्री सगळं शांत झालं की छातीत घड्याळासारखा आवाज येतो. मास्तरांना ऐकू येत नाही, म्हणून ते निवांत झोपतात. टाके सुकताहेत. जिना अजून बंद. तुम्ही पहिल्या पत्रात कपड्यांचं लिहिलं होतंत, ते खरं होतं. कसं ओळखलंत?

आता जे बोलायचं राहिलं ते. तुमची गाडी दाराशी आली, तुमच्या सौ. मुलीला घेऊन उतरल्या, आणि मी आधी हात पुढे केला तो दह्याच्या भांड्याला. फडकं सोडलं, हुंगलं, बोट घालून चाखलं. सगळे माझ्याकडे बघत उभे. थंडीत. तुम्ही तर पायाला वर्तमानपत्र गुंडाळून उभे, वरचा मथळा मला सबंध वाचता येत होता. मग मी भांडं मास्तरांकडे दिलं आणि पोरीला घेतलं. नात दारात आलेली आणि आजी दही चाखतेय, हे तुमच्या लेकीला विचित्र वाटलं असणार. तिला सांगा, सूनबाई, भांडं बघितल्याशिवाय त्या घडीला पोरीला घ्यायला माझे हात पुढे झालेच नसते. माझ्या भेटीपायी या मुलीला काही झालं असतं, तर त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठून मी करणार काय होते?

आणि हेही सांगून टाकते. दह्याची अट मी घातली ती तुम्ही नाद सोडावा म्हणून. थंडीत आमच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी दही लागत नाही, ते तुमच्या गाडीत लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्यांदा लागलं, तेव्हा मला वाईट वाटलं. दुसऱ्यांदा लागलं, तेव्हा मी चौघड्या इस्त्री केल्या.

तुम्ही राहिलात तेवढे दिवस मुलगी मांडीवरून खाली ठेवली नाही. ती माझ्याकडेही आठ्या घालूनच बघत होती. मुकादम नाव बरोबर आहे. दुसरं ठेवलंत तरी मी हेच म्हणणार.

तुमचं नऊ तारखेचं पत्र मास्तरांनी मोठ्याने वाचलं होतं. नाकाचा भाग ते भरभर वाचून पुढे जायला बघत होते, मी परत वाचायला लावला. तेव्हापासून मनात होतं, की हे काम आपण करावं. मुलीच्या टाळूला मी रोज नाक लावलं आणि लक्षात ठेवलं. इस्पितळात नेतानाही तेच घोकत गेले. आता सांगते. आधी दुधाचा वास येतो, पण ताज्या नाही, जरा वेळ झालेल्या. मग उन्हात वाळलेल्या चादरीचा. कानामागे गेलं की किंचित आंबूस, तिथे तुमच्या सौ. नीट पुसत नाहीत. आणि या सगळ्याच्या पाठीमागे अगदी थोडा इंजिनाच्या तेलाचा. घाबरू नका, गाडीचं ताट कोरडं होतं, चिरंजीवाने बॅटरी लावून बघितलं. तो वास तुमच्या सदऱ्याचा आहे. तुम्ही तिला खांद्यावर टाकून फिरता ना, त्याचा. आंघोळीनेही जात नाही, मी दोनदा घालून बघितली.

त्या भांड्यातलं दही संपलं, पण त्याचंच विरजण रोज पुढे लावते आहे. मास्तर वाढून घेताना दर वेळी म्हणतात, "गाडीचं दे."

तर उत्तर लवकर पाठवा. गाडीबद्दल एक ओळ चालेल, तीही आकृतीशिवाय. बाकी सगळं पत्र मुकादमचं असू दे. मान धरते का, रात्री किती वेळा उठते, माणसं ओळखते का. टपालवाला आमच्याकडे दुपारी येतो, आणि मला आता दारापर्यंत चालायची परवानगी आहे.

तुमची,
विहीण